सांथीचा कायदा आणि साहाय्याचें कर्तव्य

सांथ आली कीं सरकारपुढें दोन कामें उभीं राहतात: लोकांस घरांत थांबविणें आणि त्यामुळें ज्यांची रोजी बुडते त्यांस जगविणें. पहिल्या कामासाठीं आपल्याकडे कायदा आहे. दुसरें मात्र बहुतांशीं सरकारच्या औदार्यावर सोडलेलें आहे.

१८९७ सालीं मुंबई इलाख्यांत प्लेग पसरला असतां सांथीच्या रोगांचा कायदा झाला. मूळ कलमें अवघीं चार. त्यांनीं सरकारला निर्बंध घालण्याचा अधिकार दिला, ते मोडणारास शिक्षा सांगितली आणि अंमलदारांस संरक्षण दिलें. भरपाई द्यावयाचीच झाल्यास तिचा खर्च कोणी सोसावा, हें ठरविण्याची मुभा त्यांत आहे; ती दिलीच पाहिजे, असें मात्र कोठेंही म्हटलेलें नाहीं.

मार्च २०२० मध्यें कोरोना आला तेव्हां महाराष्ट्रानें हाच कायदा हातीं घेतला. पुढें सांथ पुन्हा बळावली आणि १५ मार्च २०२१ पासून आमच्या नागपुरांत कडक टाळेबंदी लागली. १३ एप्रिल रोजीं राज्यभर निर्बंध जाहीर झाले, तेव्हां ५,४७६ कोटी रुपयांचें साहाय्यही जाहीर झालें. नोंदणीकृत घरकामगार, बांधकाम मजूर व फेरीवाले, तसेच परवानाधारक रिक्षाचालक यांस प्रत्येकीं १,५०० रुपये मिळावयाचे होते. हें साहाय्य स्वागतार्हच होतें. परंतु निर्बंध सर्वांस लागू होते आणि पैसे मात्र यादींतील नांवांस! जिची नोंदणीच झालेली नाहीं, त्या मोलकरणीची चूल कशी पेटावी?

कायद्यानें कर्तव्य सांगितलें म्हणजे काय घडतें, हेंही त्याच वर्षीं दिसलें. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमांत मृतांच्या कुटुंबांस द्यावयाच्या साहाय्याचा उल्लेख आहे. त्याविषयीं मार्गदर्शक तत्त्वें ठरविणें राष्ट्रीय प्राधिकरणास बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ३० जून २०२१ रोजीं दिला आणि त्यानंतर प्रत्येक मृत्यूमागें ५०,००० रुपये ठरले. 'करूं शकेल' आणि 'करील' या दोन क्रियापदांत अंतर आहे तें एवढें.

१९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचें एक अधिवेशन येथें भरतें. २०२० आणि २०२१ सालीं मात्र हिवाळी अधिवेशन मुंबईंत भरलें. गाऱ्हाणें मांडण्याची निकड सर्वाधिक असतांना विदर्भाच्या कष्टकऱ्यांस तें दार बंद होतें. म्हणूनच सांथ नसतांना हा कायदा झाला पाहिजे. ज्या दिवशीं निर्बंध लागतील त्याच दिवसापासून निर्वाहभत्ता सुरू व्हावा. यादींत नांव नसणारास वॉर्डाच्या कचेरींत तें नोंदवितां यावें. आणि झालेल्या वांटपाचा हिशेब विधिमंडळापुढें यावा. सभासदांनीं इतकें तरी मान्य करावें.

आणि आपण? घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालींच झाला आहे. आपल्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईचें नांव तेथें नोंदलेलें आहे काय, एवढें आपण आजच विचारूं शकतों.