अक्षरांच्या जागी आकडे

कैरो किंवा बैरूतमधील तरुणांनी एकमेकांना पाठवलेले काही संदेश पाहिले, तर आपण बुचकळ्यात पडतो. भाषा अरबी, लिपी रोमन आणि शब्दांच्या मध्येच दोन, तीन, सात असे आकडे! ही गुप्त लिपी नव्हे. हे आकडे चक्क अक्षरे म्हणून वापरलेले आहेत.

असे का झाले हे समजण्यासाठी थोडे गणित करू. मोबाइलवरील एका लघुसंदेशात १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून संदेशात १६० अक्षरे बसतात. अरबी अक्षराला १६ बिट लागतात. तो संदेश ७० अक्षरांतच संपतो. (देवनागरीचीही हीच गत!) शिवाय उजवीकडून डावीकडे जाणारी, शब्दातील जागेप्रमाणे अक्षराचा आकार बदलणारी ही लिपी १९९० च्या दशकातील पुष्कळ यंत्रांवर उमटतच नसे. मग लोक रोमनकडे वळले.

पण अरबीतील काही ध्वनींना रोमन लिपीत अक्षरेच नाहीत. आपण मराठी रोमनमध्ये लिहितो तेव्हा 'मला', 'माला' आणि 'माळा' बहुधा सारखेच दिसतात आणि आपण संदर्भावर भागवतो. अरबांनी आकडे उसने घेतले. फळ्यावर इंग्रजी पद्धतीचा तीन काढून तो आरशात पाहा. 'ऐन' हे अरबी अक्षर साधारण तसे दिसते. म्हणून 'ऐन'साठी तीन. घशातून येणाऱ्या 'हा'साठी सात. गळा क्षणभर बंद होऊन सुटताना बसणारा झटका म्हणजे 'हमजा', त्यासाठी दोन. गंमत अशी, की मूळचे भारतातले हे अंक युरोपात 'अरबी अंक' म्हणून ओळखले जातात, आणि कैरोच्या बाजारातील पाट्यांवर मात्र निराळ्याच वळणाचे अंक दिसतात.

खरा बदल याहून खोल आहे. अरबी माणूस लिहितो एक आणि बोलतो दुसरे. शाळेची व बातम्यांची भाषा 'फुस्हा'. घरची बोली देशोदेशी वेगळी. भाषावैज्ञानिक चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये अशा दुहेरी स्थितीचे विवेचन केले, त्यात अरबी हे एक प्रमुख उदाहरण होते. नाटकांत, लोककाव्यांत बोली पूर्वीही लिहिली जाई. पण रोजच्या गप्पा कोण लिहून काढणार? मोबाइलवर आणि संगणकावर त्या लिहिणे भाग पडले.

हृदयाला अरबीत 'क़ल्ब' म्हणतात. अरबी लिपीत हा शब्द सगळीकडे एकच. रोमनमध्ये कैरोचा मुलगा तो दोनच्या आकड्याने सुरू करतो, कारण तिथे 'क़'चा उच्चार हमजासारखा होतो. आखातातला मुलगा 'ग' लिहितो, तर मोरोक्कोत त्याच जागी नऊचा आकडा येतो. लिपीने झाकलेले फरक असे उघडे पडले.

आता फोनवर अरबी कळफलक सहज मिळतो, पण लिहिली जाऊ लागलेली बोली मागे गेली नाही. इजिप्तच्या बोलीतील विकिपीडिया २००८ मध्ये, मोरोक्कोच्या बोलीतील २०२० मध्ये सुरू झाला. यामुळे फुस्हा बुडेल ही भीती आम्हांला अतिशयोक्त वाटते. बोलीला शुद्धलेखनाचे ठरलेले नियम नाहीत; एकच शब्द चार जण चार तऱ्हांनी लिहितात, आणि भाषांतर करणारी यंत्रे तिथे अडखळतात. अशा वेळी लोक आधार शोधतात तो शाळेत शिकलेल्या लेखनाचाच. कैरोचा तोच मुलगा अरबी लिपीत बोली लिहितो तेव्हा बहुधा 'क़'च लिहितो, आणि वाचताना मात्र 'अल्ब' म्हणतो.