वाकडी नदी आणि आपला टब

गणेशोत्सवाच्या बैठकीत यंदाही तोच प्रश्न निघाला. "एवढी नदी उशाशी वाहते, आणि आपण बाप्पाला टबात बुडवतो?" असे एका काकांनी विचारले. उत्तर नीट देता आले नाही, चहा थंड होत होता. म्हणून इथे लिहितो आहोत.

ही नदी कायाहोगा. नावाचा अर्थ 'वाकडी नदी' असा सांगतात, आणि तो तिला शोभतो. क्लीव्हलंडच्या पूर्वेला जीऑगा काउंटीत तिचा उगम. लेक ईरी तिथून उत्तरेला जवळच, पण ही निघते दक्षिणेकडे. ॲक्रनपाशी उंचवटा आडवा येतो, तेव्हा वळते आणि उत्तरेला क्लीव्हलंडमध्ये सरोवराला मिळते. सुमारे १०० मैल चालून मुक्काम उगमापासून ३० मैलांवर! त्या उंचवट्याच्या पलीकडचा पाऊस मात्र ओहायो आणि मिसिसिपीवाटे थेट मेक्सिकोच्या आखातात जातो. महाबळेश्वरची कृष्णा आठवा: अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ती जाते बंगालच्या उपसागराला. ॲक्रनच्या या वळणावरून इथले मूळ रहिवासी होड्या खांद्यावर घेऊन आठ मैल चालत आणि पलीकडच्या टस्करावास नदीत सोडत. १८२७ साली ॲक्रन ते क्लीव्हलंड कालवा सुरू झाला, तोही याच खोऱ्यातून.

नदी जमीन कशी कोरते हे पाहायचे असेल तर मुलांना घेऊन ब्रँडीवाइन धबधब्यावर जावे. वर कठीण वाळूखडक, खाली मऊ शेल. पाणी खालचा मऊ थर खाते, वरचा कठीण थर अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. अशा रीतीने धबधबा मागे मागे सरकतो. १८१४ साली या पाण्यावर लाकूड कापण्याची गिरणी बसली आणि तिच्याभोवती वस्ती झाली.

आता मुद्दा. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर कागदावरच्या हिशेबाने ते ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकते. पण हाच हिशेब उलटाही लागतो: वेग मंदावला की हातातले सगळे खाली टाकते. क्लीव्हलंडजवळ ही नदी जवळजवळ थांबते. म्हणून बोटींसाठी तिथला गाळ वरचेवर उपसावा लागतो. "नदी वाहून नेते" हे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे.

कारखान्यांनीही तेच म्हटले होते. नदीत तेल साचले आणि ती पुन्हा पुन्हा पेटली. २२ जून १९६९ ची आग अर्ध्या तासात विझली, पण गाजली. (त्यापेक्षा मोठी आग १९५२ ची. ती कोणाला आठवतही नाही.) आमच्या दृष्टीने आगीपेक्षा वाईट गोष्ट डोळ्यांना न दिसणारी होती. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. सांडपाणी कुजवणारे जीवाणू तो संपवतात, मग मासे कशावर जगणार? ॲक्रन ते क्लीव्हलंड मासे जवळपास नाहीसेच झाले होते. १९७२ साली स्वच्छ पाण्याचा कायदा आला, सांडपाण्यावर प्रक्रिया सुधारली, आणि आज साठाहून अधिक जातींचे मासे आहेत. २०१९ साली ते खाण्यावरचे निर्बंधही सैल झाले. म्हणजे पन्नास वर्षे लागली.

तर काका, आपली प्लास्टरची मूर्ती म्हणजे जिप्सम. ते लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळते. बाकीचे, रंगांसकट, जिथे पाणी संथ तिथे तळाशी बसणार, आणि मूर्ती सोडायला आपण संथ काठच शोधणार. टबात शाडूची मूर्ती रात्रभरात विरघळते. यंदा टब मोठा आणला आहे. विसर्जनानंतर माती ज्यांना कुंडीसाठी हवी असेल त्यांनी डबा घेऊन यावे. गेल्या वर्षी ती पुरली नव्हती.