भावी अभियंता आणि गावची विहीर

अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारे एखादे तरी अपत्य हल्ली बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत असतेच. उन्हाळ्याची सुटी जवळ आली की घरात प्रश्न निघतो, यंदा याने करावे काय? वडील म्हणतात, शहरातील एखाद्या कंपनीत महिनाभर बसावे व प्रमाणपत्र मिळवावे. काका म्हणतात, पुढील परीक्षेची शिकवणी लावावी. आजीला वाटते, पोर वाळले आहे, घरी राहून दोन घास सुखाने खावेत. या तिन्ही मतांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि आमचे मत चौथेच आहे. त्यास महिना-दीड महिना एखाद्या खेड्यात पाठवावे आणि तेथील एकच गोष्ट नीट मोजून आणावयास सांगावे.

नैयायिकांनी प्रमाणे चार मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. महाविद्यालयांत शेवटचे भरपूर शिकवितात, आणि गणिताच्या निमित्ताने अनुमानही बऱ्यापैकी शिकवितात. पहिले मात्र प्रयोगशाळेत कोंडलेले असते. तेथे उत्तर आधीच ठाऊक असते आणि विद्यार्थी आपले आकडे हळूच त्या उत्तराकडे वळवितो. शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेल्यांस ही युक्ती चांगली परिचयाची आहे.

पिण्याच्या पाण्याचेच उदाहरण घेऊ. 2019 साली घोषित झालेल्या जलजीवन मिशनात ग्रामीण भागातील प्रत्येक माणसामागे दररोज 55 लिटर पाणी नळाने द्यावे, असे ठरले. हजार वस्तीच्या गावास 55,000 लिटर झाले. हा गुणाकार कोणीही करील. आता विद्यार्थी वैशाखात विहिरीवर जातो, मोटारीच्या नळाखाली 20 लिटरची बादली धरतो व घड्याळ पाहतो. समजा, बादली भरावयास 40 सेकंद लागले. म्हणजे तासाला 1,800 लिटर. या हिशेबाने 55,000 लिटरांस साडेतीस तास हवेत, आणि दिवस तर चोवीसच तासांचा! त्यातून वीज किती तास असते, हे कागदावर पाहून भागत नाही. रात्री दोन वाजता उठून मोटार चालू करणाऱ्या माणसालाच ते विचारावे लागते.

इतक्यावर तो परत आला, तर काम अर्धेच झाले. मोटार किती उपसते आणि विहिरीत किती येते, या दोन गोष्टी भिन्न आहेत. उपसा थांबवून, टेप सोडून, तासाभरात पाणी किती चढले ते पाहावे. विहिरीचा व्यास 6 मीटर असून पाणी तासात 5 सेंटिमीटर चढले, तर आवक सुमारे 1,400 लिटर, अहोरात्रात 34,000 च्या आसपास. म्हणजे मोठी मोटार बसविल्याने गावाची तहान भागणार नाही, विहीर मात्र लवकर कोरडी पडेल. एक टेप, एक बादली व एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर हे कळते!

रायगड जिल्ह्यातील कर्जतसारख्या तालुक्यात अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरी तेथील कित्येक पाड्यांवर चैत्रापासून टंचाई असते. कारण काळ्या कातळाच्या पोटात पाणी फारसे मावत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमात व कातळाच्या भेगांत राहते आणि बाकीचे उतारावरून समुद्राकडे धावते. पुस्तकात हे एका वाक्यात असते. विहिरीच्या काठावर मात्र भेग बोटाने दाखविता येते.

आणि विचारावे कोणास? पाणी भरणाऱ्या बायांस. विहीर किती परस खोल, कोणती पायरी कोणत्या महिन्यात उघडी पडते, घरी किती हंडे लागतात, हे त्यांना मुखोद्गत असते. हंडा किती लिटरचा, ते मात्र स्वतः मोजावे. प्रश्न विचारून गप्प बसण्याची विद्या आमच्या हुशार मुलांना अवगत नसते, ती येथे येते.

हे आमचे स्वप्नरंजन नव्हे. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ नावाचे केंद्र 1985 पासून आहे. तेथे 2007 साली पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, व त्यात विद्यार्थ्यास काही आठवडे खेड्यात राहून अभ्यास करावा लागतो असे ठरले. 2016 साली राज्यशासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान काढले, तेही इतर महाविद्यालयांना आपल्या जिल्ह्याच्या प्रश्नांशी जोडावे म्हणूनच. ज्यांच्या महाविद्यालयात अशी सोय नाही, त्यांनी एखाद्या प्राध्यापकांस मार्गदर्शक करून ग्रामपंचायतीस रीतसर पत्र लिहावे.

उलट बाजारात तयार ‘प्रकल्प’ विकत मिळतात, बांधणीसह! असा प्रकल्प आणणाऱ्या मुलास घरात कोणी काही बोलत नाही, पण खेड्यास निघालेल्या मुलीस मात्र दहा जण अडवितात. मुलीच्या आईची काळजी रास्त आहे. राहावयाचे घर, सोबतीण व मार्गदर्शकांचा दूरध्वनी आधी पक्का करावा. त्यानंतर अडवू नये.

परत येताना अहवालाची एक प्रत सोप्या मराठीत लिहून ग्रामसभेत वाचावी. आपल्या विहिरीचा आकडा चुकला असेल, तर गावकरी तेथल्या तेथे सांगतात. दुरुस्त केलेला तक्ता पंचायतीच्या दप्तरी ठेवावा, म्हणजे पुढील वैशाखात येणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्याच खाली दुसरी ओळ भरता येईल.