अर्जांतलें कुटुंब आणि घरांतलें कुटुंब

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत गोमंतकांतून दोन-तीन पिढ्यांपूर्वीं आलेलीं कित्येक मराठी कुटुंबें नांदत आहेत. मूळ घर फोंड्यास किंवा पेडण्यास, कुलदैवत तिकडे आणि संसार इकडे. अलीकडे या घरांतून एक नवा विषय निघूं लागला आहे. आजोबांचा जन्म गोव्यांत १९ डिसेंबर १९६१ पूर्वीं, म्हणजे पोर्तुगीज अमलांत, झालेला असला, तर त्यांना, त्यांच्या मुलांना व नातवंडांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयांत जन्माची नोंद करवून पोर्तुगालचें नागरिकत्व मिळवितां येतें. तें घेतांच १९५५ च्या कायद्यान्वयें भारताचें नागरिकत्व संपतें. हा सौदा करावा कीं न करावा, हा ज्या त्या घरचा प्रश्न. मला लिहावयाचें आहे तें त्यापुढल्या पायरीविषयीं.

नातू पोर्तुगीज झाला, हॉलंडांत नोकरीस लागला, आणि आतां घरच्या माणसांस तिकडे न्यावयाचें आहे. त्यांचे पासपोर्ट भारतीयच. अशांसाठीं युरोपीय संघानें २००४ सालीं एक निर्देश काढला. त्याचें मर्म असें कीं, युरोपीय नागरिक आपल्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य-देशांत राहूं लागला म्हणजे त्याच्या कुटुंबीयांसही त्याच्यासह राहण्याचा हक्क मिळतो. गंमत ही कीं, आपला पोर्तुगीज नातू खुद्द पोर्तुगालांत राहिला तर सामान्यतः हा निर्देश लागू पडत नाहीं, हॉलंडांत राहिला तर पडतो! कुटुंबीयांस प्रवेशाचा व्हिसा विनामूल्य मिळावा, तीन महिन्यांहून अधिक राहणारानें निवासपत्रासाठीं अर्ज करावा, अर्जाची पोच तत्काळ व निवासपत्र सहा महिन्यांच्या आंत मिळावें, आणि तें सामान्यतः पांच वर्षें चालावें, असे त्यांतील नियम आहेत.

अर्ज भरावयास बसलें म्हणजे पहिली अडचण येते ती 'कुटुंबीय' या शब्दाची. आपल्या घरांत हा शब्द कोणी मोजून वापरीत नाहीं. निर्देशांत मात्र तो मोजलेला आहे: पति किंवा पत्नी, एकवीस वर्षांखालील मुलें, त्याहून मोठीं, पण आश्रित अशीं मुलें, आणि आश्रित आईवडील व आजीआजोबा. हे वडीलधारे नवऱ्याकडचे असोत वा बायकोकडचे, हक्क सारखाच. मुलीच्या घरचें पाणीही न घेणारी पिढी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांनीं क्षणभर थांबून हें कलम वाचावें. युरोपच्या अर्जानें सासूसासऱ्यांस आणि व्याह्यांस एकाच ओळींत बसविलें आहे.

परंतु खरी ठेंच लागते ती 'आश्रित' या शब्दाला. निवृत्त झालेले वडील म्हणतात, "मी कोणाचा आश्रित नाहीं." त्यांचें म्हणणें योग्य आहे, आणि निवृत्तिवेतनावर त्यांचें नीट भागत असेल तर कायद्यानेंही तें योग्यच आहे, तेथें खोटें लिहूं नये. युरोपीय न्यायालयानें २००७ सालीं ठरविलें कीं, मायदेशीं राहत असतांना मूलभूत गरजा भागविण्यास मुलाची किंवा सुनेची मदत खरोखर लागत असली पाहिजे. पुढें २०१४ सालीं, स्वीडनमध्यें आलेल्या फिलिपाइन्सच्या एका तरुणीच्या खटल्यांत, दीर्घकाळ नियमितपणें पाठविलेले पैसे हा अशा आश्रयाचा पुरावा ठरूं शकतो असें सांगितलें. आपल्याकडे घोटाळा होतो तो येथें. मुलगा सुटींत येतो, आईच्या हातांत पाकीट ठेवतो, आणि देवापुढें ठेवून ती तें कपाटांत टाकते. त्याची पावती कोठून असणार? गरज खरी असूनही ती कागदावर उमटत नाहीं. म्हणून पैसे बँकेंतून, आईच्या नांवें, महिन्याच्या महिन्यास पाठवावे. आणि ही संवय अर्जाच्या आदल्या महिन्यांत लावून चालत नाहीं.

नांवांची गोष्ट तशीच. जन्मदाखल्यावर कुसुम, लग्नांत तांदुळांवर लिहिलेलें नांव सुनंदा, पासपोर्टवर तिसरेंच. पूर्वींचीं लग्नें नोंदलेलींही नसत. ती नोंद महापालिकेच्या विभाग कार्यालयांत आतांही करतां येते. अंधेरी पूर्वेस के-पूर्व, बोरिवलीस आर-मध्य, मुलुंडास टी आणि घाटकोपरास एन. बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं महापालिकेंत आलीं, त्याआधींचे जन्म शोधावयाचे तर जुन्या स्थानिक संस्थांच्या दप्तरांपर्यंत जावें लागतें. दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपॉस्टिल' शिक्का घ्यावा. हेगचा तो करार भारतास २००५ पासून लागू आहे. भारताच्या प्रवेशास जर्मनीनें मात्र आक्षेप नोंदविला होता, म्हणून तिकडे जाणारांनीं आधीं वकिलातींत चौकशी करावी. ब्रिटनची वाट तर निराळीच झाली आहे. २०२० च्या डिसेंबरअखेर तेथें हा निर्देश संपला, तेव्हां तिकडे गेलेल्या गोमंतकीय नातलगांचे जुने अर्ज नमुना म्हणून पुढें ठेवूं नयेत.

राहिली घरांतली अविवाहित आत्या. नातवाला तिनें वाढविलें, त्याच्या शाळेच्या फीसाठीं बांगड्या मोडल्या. पण वरील यादींत ती नाहीं. तिच्यासाठीं निर्देशांत तिसऱ्या कलमांत जागा आहे. मायदेशीं त्या युरोपीय नागरिकाच्या आश्रयानें किंवा त्याच्याच घरांत राहणारे इतर नातलग, असे शब्द तेथें आहेत. त्यांना निवासाचा थेट हक्क नाहीं, पण त्यांचा प्रवेश सुकर करावा असा दंडक आहे. एकाच घरांत राहणें म्हणजे काय, हें २०२२ सालीं आयर्लंडमधून आलेल्या एका खटल्यांत न्यायालयानें सांगितलें. त्यांतले दोघे एकत्र राहणारे चुलत-आते-मावस नात्याचे भाऊ होते. केवळ सोयीपुरतें एका छपराखालीं राहणें पुरत नाहीं. एकत्र संसारांत जुळलेला, टिकाऊ आणि एकमेकांवांचून अडणारा जिव्हाळा दाखवावा लागतो.

हा जिव्हाळा दाखविणारे कागद आपल्या घरांत असतात, पण आपण ते टाकाऊ समजतों. सर्वांचीं नांवें असलेली जुनी शिधापत्रिका, आत्याच्या सहीचें शाळेचें प्रगतिपुस्तक, तिच्या इस्पितळाचें नातवानें भरलेलें बिल. हीं सर्व तिच्या अर्जास जोडावीं. तिच्या परिस्थितीची सविस्तर तपासणी करणें, आणि नकार द्यावयाचा झाल्यास त्याचीं कारणें देणें, त्या देशाच्या सरकारास भाग आहे.