दावा फेटाळला, म्हणजे नेमकं काय झालं?

‘दावा फेटाळला’ असं वाचलं की आपण आरोप खोटा ठरला असं समजतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत डांबलेल्या कोरियन स्त्रियांच्या बाबतीत हा समज अन्यायाचा आहे. त्यांचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात साक्षीने झाली. १४ ऑगस्ट १९९१ला सोलमध्ये किम हाक-सुन स्वतःच्या नावानिशी, चेहरा न लपवता बोलल्या. त्याआधीची सारी दशकं लाजेचं ओझं पीडितांनीच वाहिलं होतं.

मग पुरावा. जानेवारी १९९२मध्ये इतिहासकार योशिआकी योशिमी यांनी सैन्याचा सहभाग दाखवणारे जपानी लष्करी कागद उजेडात आणले. १९९३मध्ये जपान सरकारने तो सहभाग मान्य करून माफी मागितली.

खरी अडचण पुढे. डिसेंबर १९९१मध्येच किम यांनी तोक्योत दावा लावला होता. अशा दाव्यांत जपानी न्यायालयांनी अनेकदा अत्याचार घडल्याचं मान्य केलं, तरी भरपाई नाकारली. कारणं अशी: दावा मुदतीबाहेरचा, १९४७पूर्वी सरकारी कृत्याची भरपाई मागायची सोयच कायद्यात नव्हती, आणि सरकारच्या मते १९६५च्या जपान-कोरिया करारात सगळी देणी मिटली होती. १९९८मध्ये शिमोनोसेकीच्या न्यायालयाने तिघींना प्रत्येकी ३ लाख येन मंजूर केले. २००१मध्ये वरच्या न्यायालयाने तेही रद्द केले. किम १९९७मध्येच वारल्या होत्या.

१९९५मध्ये जपानने निधी उभारला, पण त्यातली भरपाईची रक्कम लोकांच्या देणग्यांतून द्यायची होती. अनेकींनी ती नाकारली. हट्ट म्हणून नव्हे; सरकारने कायदेशीर जबाबदारी घ्यावी, हीच मूळ मागणी होती.

शेवटी दावे सोलमध्ये आले. तिथे आडवी आली सार्वभौम संरक्षणाची तरतूद, म्हणजे एका देशावर दुसऱ्या देशाच्या न्यायालयात खटला चालत नाही हा नियम. जानेवारी २०२१मध्ये न्यायालयाने असे गंभीर गुन्हे त्या नियमात बसत नाहीत असं ठरवून १२ जणींना प्रत्येकी १० कोटी वॉन मंजूर केले. एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने दुसऱ्या गटाचा दावा नेमका याच नियमावर फेटाळला. नोव्हेंबर २०२३मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

तरी निकाल हाती आला म्हणजे पैसे आले असं नाही. वसुलीसाठी जप्त करता येईल अशी मालमत्ता लागते. दूतावासाच्या मालमत्तेला १९६१च्या व्हिएन्ना कराराचं संरक्षण आहे. आणि जपानला हे निकालच मान्य नाहीत.