पावाचा तुकडा आणि गिरगावची वाट

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण बहुधा थट्टेने वापरतो. पण एखाद्या वस्तीची ओळख करून घ्यायची असेल, तर पोटोबापासून आरंभ करणे मुळीच वावगे नाही. मुंबईत अलीकडे 'खाद्यफेरी' नावाचा प्रकार रूढ झाला आहे. दहाबारा जणांचा गट, सोबत त्या भागाचा एखादा जाणकार वाटाड्या, अडीच-तीन तासांची पायपीट आणि वाटेत पाचसहा ठिकाणी थोडे थोडे खाणे, असे तिचे स्वरूप असते. एकाच ठिकाणी पोट भरायचे नाही हा पहिला नियम. तो मोडणाऱ्याला शेवटचा मुक्काम गाठताना धाप लागते, हे वेगळे सांगायला नको.

अशा फेरीसाठी समुद्रकाठच्या गिरगावासारखी दुसरी वस्ती नाही. धोबीतलावापासून निघून ठाकुरद्वार, खोताची वाडी, प्रार्थना समाज असे करीत चौपाटीच्या वाळूवर पोचायचे. अंतर फार नाही. मात्र या वाटेवर 'काय खावे?' यापेक्षा मोठा प्रश्न दडलेला आहे. 'कोणाच्या हातचे खावे, आणि कोणाच्या शेजारी बसून खावे?' हा तो प्रश्न. गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याचे उत्तर कसे बदलत गेले, हे ही वाट सांगते.

पहिला मुक्काम धोबीतलावचा. येथील 'कयानी' हे इराण्याचे हॉटेल १९०४ सालचे. इराणातील यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या मंडळींनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवरची दुकाने घेऊन चहा, ब्रून-मस्का आणि बिस्किटे विकायला सुरुवात केली. उंच छत, संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या हा थाट आपल्या ओळखीचा आहे. पण खरी नवलाई त्या टेबलांत होती. पंगतीत पानाची जागा जातीवरून व मानावरून ठरे. येथे चहाचे पैसे दिले की खुर्ची आपली. समोर बसलेला अनोळखी माणूस कोण, हे विचारण्याचे कारण उरले नाही.

तेथून सरळ ठाकुरद्वारला यावे. 'विनय हेल्थ होम'ची मिसळ आणि 'पणशीकरां'चे पीयूष हे या भागातले नावाजलेले पदार्थ. येथे पाट्यांकडे जरा लक्ष द्यावे. मराठी माणसांनी काढलेल्या जुन्या उपाहारगृहांच्या नावांत 'आरोग्य', 'दुग्ध', 'मंदिर', 'आश्रम' हे शब्द वारंवार का येतात? बाहेरचे खाणे म्हणजे बाटण्याचे नि बिघडण्याचे लक्षण, अशी ज्या मध्यमवर्गाची समजूत होती, त्याला दिलेला तो दिलासा होता. 'भिऊ नका, हे घरच्यासारखेच आहे,' असे ती पाटी सांगत असे. गंमत अशी की त्याच सोवळ्या पाटीखाली मिसळीबरोबर पाव आला आणि कोणाला काही वाटेनासे झाले. या पावाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

येथेच खानावळींची आठवण ठेवली पाहिजे. नोकरीसाठी कोकणातून आलेला एकटा कारकून वा विद्यार्थी महिन्याचे पैसे भरून दोन वेळा जेवत असे. जवळच्या गिरणगावात (गिरगाव आणि गिरणगाव, नावे सारखी, वस्त्या निराळ्या) हे काम घरोघरच्या बायका करीत. दहाबाय दहाच्या खोलीत पहाटेपासून चूल पेटे. या अन्नदात्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले. खाद्यफेरीत मालकाचे नाव ऐकू येते, रांधणारीचे सहसा येत नाही. वाटाड्याला हा प्रश्न आपण विचारावा.

तिसरा मुक्काम खोताची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या जमिनीवर ही वाडी वसली आणि ईस्ट इंडियन ख्रिश्चन कुटुंबांनी येथे लाकडी सज्जांची, कौलारू घरे बांधली. ही मंडळी मूळची इथलीच, घरात मराठीचीच बोली बोलणारी. पोर्तुगीज काळात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिश्चनांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी १८८७ साली हे नाव घेतले. त्यांचा 'बॉटल मसाला' प्रसिद्ध आहे. मिरच्या, धने, तीळ, खसखस, हळद अशा वीसाहून अधिक जिनसा उन्हाळ्यात वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. याच वाडीत 'अनंताश्रम' ही मालवणी माशांची खानावळ कित्येक दशके चालली. आता ती बंद आहे. वाडीतल्या जुन्या घरांपैकी निम्मीही उरलेली नाहीत. म्हणून येथे हळू बोलावे आणि विचारल्याशिवाय कोणाच्या ओसरीचे छायाचित्र काढू नये. ही माणसांची घरे आहेत, प्रदर्शन नव्हे.

चौथ्या मुक्कामी खायला काहीच नाही. तरीही तो या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा. प्रार्थना समाजाच्या नाक्यावर बस थांबते, पण नावामागची कथा थोड्यांनाच ठाऊक असते. १८४९ साली मुंबईत 'परमहंस सभा' नावाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिच्या अग्रणींपैकी एक. सभासद होणाऱ्याने जातिभेद मानत नाही हे सिद्ध करायचे. ते कसे? ख्रिस्ती माणसाने भाजलेला पावाचा तुकडा सर्वांसमक्ष खाऊन! १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याच्या भीतीने मंडळी पांगली आणि सभा संपली. तिच्याच राखेतून १८६७ साली दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला. दहा मिनिटांपूर्वी आपण मिसळीत बुडवून जो पाव सहज खाल्ला, तो खाण्यासाठी एकेकाळी दार लावून घ्यावे लागत होते.

शेवटी चौपाटी. सूर्य बुडायच्या वेळी वाळूवर बसून भेळ खावी. कुरमुरे, शेव, कांदा, बटाटा, चिंचगुळाची चटणी. भेळेला घर नाही, पाट नाही, ताट नाही. ती उभ्याने, कागदावर, हजार अनोळखी माणसांत खायची असते. येथेच लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, कारण १९२० साली त्यांचे अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावरही प्रायश्चित्ताची पाळी आली होती. आज त्या पुतळ्याच्या आसपास कोण कोणाच्या किटलीतला चहा पितो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

मग प्रश्न सुटला काय? कायद्याने सुटला. १९५० पासून अमलात असलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने जातिधर्मावरून उपाहारगृहात कोणालाही अडवण्यास मनाई केली. हॉटेलांचे दार असे उघडले, पण घराचे दार अजून अर्धेच उघडे आहे. मासे-मटण खाणाऱ्याला जागा देण्यास कुरकुर करणाऱ्या इमारती याच मुंबईत आहेत. आणि आपल्या डब्यातला घास शेजारच्याला देताना आपल्यापैकी किती जण मनात क्षणभर थबकतात, हे ज्याचे त्याने तपासावे.

मित्रहो, ही फेरी नारळी पौर्णिमेनंतर करावी. मासेमारीची पावसाळी बंदी तोवर उठलेली असते आणि ताजी मासळी मिळते. पैसे फारसे लागत नाहीत. खोताच्या वाडीतून निघाल्यावर मात्र प्रार्थना समाजाच्या नाक्यावर दोन मिनिटे थांबावे. खिशात पावाचा एक तुकडा ठेवलेला असावा. तो शेजारी उभ्या असलेल्याला अर्धा मोडून द्यावा आणि मग चौपाटीकडे वळावे.