यकृताची दारे आणि अर्बुदाची भूक

यकृत हा शरीराच्या एकत्र कुटुंबातला कर्ता पुरुष आहे. आतड्यातून निघणारे रक्त अंगभर फिरण्याआधी त्याच्या ओटीवर येते. त्यातील अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, तो मोजून घेतो. काहींची प्रथिने घडवून रक्तात सोडतो, आणि नको असलेल्या नत्राचा युरिया करून त्याला मूत्रावाटे वाट देतो. हे युरियाचक्र क्रेब्ज व हेन्सेलाइट यांनी १९३२ साली उलगडले.

आता याच यकृताच्या पेशीतून कर्करोगाचे अर्बुद उपजले, की काय बदलते? ते अधाशी होते, एवढे म्हणून भागत नाही. आम्हांला दाखवावयाचे आहे ते हे, की त्याची दारेच बदलतात.

अमिनो आम्ले पेशीत सहजासहजी झिरपत नाहीत. वाहक-प्रथिने त्यांना आत नेतात. हे वाहक निरनिराळ्या जातींचे असतात, असे ऑक्सेंडर व क्रिस्टेन्सेन यांनी १९६३ साली उंदराच्या अर्बुदपेशींवरील प्रयोगांतून दाखविले. ग्लुटामीनचेच पाहा. निरोगी यकृतात काही पेशी ते रक्तातून घेतात, तर दुसऱ्या टोकाच्या पेशी ते नव्याने घडवून परत देतात. देवघेव दोन्ही बाजूंनी चालते. अर्बुदपेशींवर मात्र निरोगी यकृतपेशींत जवळजवळ न आढळणारा वाहक दिसतो, आणि ग्लुटामीन कितीतरी वेगाने आत ओढले जाते.

आर्जिनीनची गोष्ट याहून बोलकी आहे. निरोगी यकृतपेशी ते युरियाचक्रात घरच्या घरी करते. पुष्कळ यकृत-अर्बुदांत त्यासाठी लागणारे एक एन्झाइम बंद पडलेले असते. मग ते रक्तातून आणणे भाग पडते. तेव्हा रक्तातलेच आर्जिनीन नष्ट केले तर? तर्क बिनतोड वाटला, औषधही तयार झाले. परंतु ६३५ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा औषधाने रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही.

यातून घरोघरी उपयोगी पडणारा एक बोध निघतो. अर्बुदाला उपाशी मारावयाचे म्हणून रुग्णाचे डाळ-दूध आपल्या मनाने तोडू नये. ताटातले कमी झाले की शरीर स्वतःचे स्नायू झिजवून रक्तात अमिनो आम्ले पुरवू लागते. अर्बुदाला घास मिळतोच. खंगतो तो माणूस. पथ्य ठरवावे ते डॉक्टरांना विचारूनच.